आउटरला उभी

वाशीमला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो, ते काका दाराला कुलूप लावत नसत. बाजारात जायचे असो की दोन दिवसांसाठी अकोल्याला, दार नुसते लोटून घ्यायचे आणि निघायचे. कोणी हटकले तर म्हणत, "घरात मानूस हाय न."

घरात माणूस नव्हते. काकू वारून बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. काका ज्याला माणूस म्हणत तो आतल्या भिंतीवर, हातभर लांबीच्या लाकडी क्रुसावर, मान खाली घालून होता. बाहेरून आले की चप्पल काढता काढता काका त्याला सांगत, "आलो बावा." भाजी फोडणीला टाकताना सांगत, "आज वांगे हायेत. रोज रोज पालक कोन खाईन?" एकदा उंदरांनी ज्वारीचे पोते कुरतडले, तेव्हा त्यांनी त्याला चांगला अर्धा तास झापले. आमची खोली भिंतीला लागून, त्यामुळे सगळे ऐकू यायचे. "तुह्या डोयासमोर खाऊन राह्यले, अन् तू नुसता पाह्यत राह्यला? हुसकून लावाले काय जात होतं तुह्यं?"

अशा घरात चोरी व्हायचीच. सायकलला हवा भरायचा पंप आणि एक पितळी डबा गेला. माझा दादा म्हणाला, "काका, आता तरी कुलूप घ्या." काका म्हणाले, "तो पाहून राह्यला होता. पन कोनाले बोलत नाई तो. सभाव हाय त्याचा." हे बोलताना ते हसले नव्हते. आम्ही मात्र खोलीत येऊन खूप हसलो. दादा, वहिनी आणि मी.

त्यांच्याविषयी लिहावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यांच्या धर्माचे मला फारसे कळत नाही. मी रिठद गावची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. छप्पन साली बापाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधून नाल्यात सोडून दिले. त्यामुळे मला देवाशी बोलणारी माणसे जवळून माहीत नव्हती. जे पाहिले तेवढे लिहिते. चुकले तर ते माझे चुकणे आहे, काकांचे नाही.

दादाला वाशीमला शिपायाची नोकरी लागली आणि मला तिथल्या कॉलेजात घातले, तेव्हा आम्ही खोली शोधत आठवडाभर हिंडलो. लोक आधी खोली दाखवत, मग गाव विचारत, मग आडनाव, आणि मग खोली मेहुण्यासाठी ठेवलेली असे. स्टेशनकडच्या रस्त्यावर काका ओट्यावर बसून गहू निवडत होते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "चूल कोन्या बाजूले मांडसान? धूर माह्याकडं नाई आला पाह्यजे." आणि माझ्याकडे बघून, "हे पोट्टी शिकते काय?"

"कॉलेजात हाय," दादा म्हणाला.

"वा!" काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझे नाव कॉलेज पडले. "काय व कॉलेज, भाकर खाल्ली काय?" "ए कॉलेज, हा कागद वाचून दे."

दादाने आपणहून सांगून टाकले की आम्ही बौद्ध आहोत. नंतर कटकट नको. काका गहू निवडतच म्हणाले, "माह्या आज्यानं जालन्याकडं किरिस्ताव होऊन तिकडून उडी मारली, तुह्या बापानं इकडून. खड्डा तोच होता." मग हाताने खोलीकडे दाखवले. "जा, सामान आना."

काका रेल्वेत पंपावर होते. इंजिनांना लागणारे पाणी विहिरीतून उपसून स्टेशनच्या उंच टाकीत चढवायचे, हे त्यांचे तीस वर्षांचे काम. "इंजिन मंजे म्हैस," ते म्हणत. "किती दांडगी असली तरी पानी देल्ल्याबिगर उठत नाई." निवृत्त होऊनही गाडीची शिटी ऐकली की ते हातातले काम थांबवत आणि पाणी भरून होईल एवढा वेळ तसेच बसत. वाटाणे सोलत असतील तर शेंग हातात तशीच.

त्यांचे आणखी एक वेड सगळ्या आळीला माहीत होते. ओट्यावर, दाराच्या डाव्या बाजूला, तांब्याचा एक लोटा कायम भरलेला, झाकलेला असे. सकाळी कालचे पाणी लिंबाच्या मुळाशी ओतायचे आणि नवीन भरायचे. बाहेर जाताना सदऱ्याच्या खिशात औषधाची चपटी बाटली, तीही पाण्याने भरलेली. तहानेचा काही रोग असेल असे मला वाटे. पण त्या बाटलीतून पिताना त्यांना मी कधी पाहिले नाही.

ते दुष्काळाचे वर्ष होते. विहिरीवर नंबर लागत. मी अर्थशास्त्राचे पुस्तक घेऊन रांगेत बसायची. शेजारची एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायची, "लोक घोटभर पान्यासाठी मरून राह्यले अन् हा बुढा लोटा पुजून राह्यला." पण तो लोटा पूजेचा नव्हता. त्याच बाईच्या पोराने एकदा झाकण काढून घटाघटा पाणी पिऊन टाकले. काका रागावले नाहीत. त्याला गूळ दिला, आणि लोटा घेऊन स्वतः विहिरीवर जाऊन तासभर रांगेत उभे राहिले. पाणी कोणते, कुठले, याच्याशी त्यांचे देणेघेणे नव्हते. ते तिथे असले पाहिजे, एवढेच.

"काहून ठेवता हो काका?" मी विचारले.

"लागते कधी कधी," ते म्हणाले.

रोज संध्याकाळी ते रुळाच्या कडेकडेने हिंगोलीच्या बाजूला चालत जात, आउटर सिग्नलपर्यंत. स्टेशनात जागा नसली की गाडीला गावाबाहेर ज्या खांबापाशी थांबवून ठेवतात, तो आउटर. लोक म्हणत, म्हाताऱ्याची नोकरी सुटली पण रूळ सुटला नाही. मी पुष्कळदा फलाटावरच्या बाकावर अभ्यास करत बसायची, कारण खोलीत चुलीचा धूर आणि वहिनीचे शिवणयंत्र. एका संध्याकाळी ते माझ्यापुढून गेले आणि परत आले. "चाल व कॉलेज, पाय मोकये कर. पुस्तक कुठी पयून जात नाई."

आउटरपाशी एक बाभूळ होती. तिच्या बुंध्याशी सात-आठ दगड गोल मांडलेले होते. काका उकिडवे बसले, वाळलेल्या शेंगा वेचून बाजूला केल्या आणि बोलायला लागले. मला नाही, दगडांना. "आज बाजारात कांदा नाई. ऊन लय हाय. ही कॉलेज. आपल्या घरी राह्यते." मग मला म्हणाले, "माही पोरगी हाय."

पुढचे त्यांनी ज्या क्रमाने सांगितले त्याच क्रमाने मी सांगते, कारण तो क्रमच सगळे काही आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. त्यांच्यात लेकराच्या डोक्यावर पाणी टाकून त्याला देवाचे करून घेतात; नावही तेव्हाच ठेवतात. त्याला ते बाप्तिस्मा म्हणतात. फादर दोन महिन्यांतून एकदा येत. काकूंनी पांढरा फ्रॉक शिवून ठेवला होता. फादर रविवारी येणार होते. गुरुवारी मुलीला ताप आला. शुक्रवारी काका पंपावरून घरी आले तेव्हा तिचे डोळे फिरले होते.

"मी तिले मांडीवर घेतलं," काका म्हणाले. "म्हनलो, थांब व माय. दोन रोज थांब. फादर येऊन राह्यले. फ्रॉक शिवला तुह्या मायनं. अशी काय घाई करतं?"

ती थांबली नाही. एकोणीस दिवसांची होती.

रविवारी फादर आले. उंच, गोरे, परदेशातले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की पाणी का टाकले नाहीत? जीव जात असेल तर फादरची गरज नसते. बाप टाकू शकतो. शेजारी टाकू शकतो. ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा टाकू शकतो. पाणी आणि एका ओळीचे शब्द, बस.

"मी म्हनलो, कोनीबी? ते म्हनले, कोनीबी. आमी स्टेशनात टाकीखाली उभे होतो, कॉलेज. टाकी गच्च भरली होती. मीच भरली होती. आयुष्यभर म्हशी पाजल्या अन् पोरीच्या डोक्यावर चूळभर नाई टाकलं."



फादरांनी त्यांना समजावून सांगितले होते. तिने पाप केले नाही, म्हणून ती नरकात नाही. पण पाणी झाले नाही, म्हणून स्वर्गातही नाही. दोन्हींच्या काठावर एक जागा आहे. तिथे दुखत-खुपत नाही. फक्त देवाचे तोंड दिसत नाही. "मी म्हनलो, मंजे आउटरले उभी हाय. फादरले समजलं नाई. रेल्वेतले नोते ते." पाणी न झालेल्या लेकराला त्यांच्या दफनभूमीतही जागा नव्हती. मग काकांनी स्वतः कुदळ घेऊन इथे, आउटरपाशीच, खड्डा खणला.

"नाव काय होतं?" मी विचारले, आणि विचारताच चूक कळली.

"नाव ठेवाचंच होतं न," काका म्हणाले.

परत येताना मी धीर करून विचारले की मग भिंतीवरच्या त्याच्याशी तुम्ही इतके कसे बोलता. मी असते तर तोंड पाहिले नसते.

"त्याच्याशी नाई बोलीन तं कोनाशी बोलीन? सिग्नल त्याच्याच हातात हाय." थोडे चालून म्हणाले, "एकदम मुद्द्यावर आलं की तो गप होते. म्हनून मी वांग्याचं बोलतो, उंदराचं बोलतो. रोज घरात घरातल्यावानी बोललं तं एखाद्या दिवशी बोलता बोलता हो म्हनून टाकीन. मानूसबी असाच हो म्हनून टाकते न?" आणि मग, "मले सरगात जाचं हाय. पन तिथं जाऊन पह्यले त्याले इचारीन. तवर ती उभी हाय. हे काई बरोबर नाई."

तेव्हा मला लोट्याचे कळले. पुन्हा कुठले लेकरू असे जायला लागले तर पाण्यासाठी धावपळ नको.

वहिनीला दिवस गेले होते; ती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. सुईण म्हणाली, "मुठीएवढं हाय. जपा." मुलगा होता. आम्ही त्याला कापसात गुंडाळून ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास अडकायला लागला. दादा सायकल घेऊन डॉक्टरांना आणायला गेला. वहिनीला ताप होता, ती ग्लानीत पडली होती. लेकरू माझ्या मांडीवर.

दारात सावली पडली. काका होते. चप्पल बाहेर काढलेली, लोटा दोन्ही हातांत. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"कॉलेज," ते म्हणाले. "टाकू का?"

मला लगेच कळले. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. बापाने रिठदहून स्वतः डोक्यावरून आणली होती. मला बाप दिसला. ते टाक बांधलेले फडके दिसले. मी म्हणाले, "नाही."

"पानीच हाय, पोरी."

आता जे मी बोलले ते मी कोणालाच सांगितलेले नाही. मी म्हणाले, "जिते होतो तवा कोनी आमाले विहिरीवर पानी देल्लं नाई. आता मराच्या वक्ती डोक्यावर टाकाले आले काय?"

"मीबी त्याच विहिरीवरचा हाव," काका म्हणाले. मग अगदी हळू, "मी नाई टाकत. तू टाक. तुह्या हातानं. मी नुसते शब्द सांगतो. एकच ओळ हाय."

"शब्द सांगू नका," मी म्हणाले. "मले ऐकाचे नाई."

कापूस गार झाला होता. मी लेकराला अंथरुणावर ठेवून चुलीपाशी गेले आणि फडके शेकवायला लागले. माझी पाठ दाराकडे होती. फडके ऊन व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. वळून आले आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर लेकराच्या डोक्याला हात लावून पाहिला. जावळ कोरडे होते.

काका उंबऱ्यापलीकडेच होते. त्यांनी माझा हात पाहिला. "पाह्यलं? कोरडं हाय," ते म्हणाले आणि लोटा घेऊन आपल्या खोलीकडे गेले.

लेकरू त्यानंतर फार वेळ राहिले नाही. दादा डॉक्टरांना घेऊन आला तेव्हा मी ते वहिनीजवळ ठेवून दिले होते.

दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बरोबर केलं तू. बापानंबी हेच केलं असतं." वहिनीने बऱ्याच दिवसांनी विषय काढला. "पानी टाकलं असतं तं वाचलं असतं काय?"

"नाही, वैनी."

"मंग टाकू द्याचं होतं व. आपलं काय जात होतं? त्या बुढ्याचा जीव तरी थंडा झाला असता."

दोघांचेही म्हणणे मला पटले. तीच अडचण आहे. मी नाही म्हटले ते बरोबर होते, असे मला आजही वाटते. आणि तसे वाटण्याचा मला काही उपयोग होत नाही.

काका माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. "काय व कॉलेज, परीक्षा कधी हाय?" मला त्यांच्याकडे बघता येत नसे. अठरा-वीस दिवसांनी मी भिंतीला कान लावला. ते त्याच्याशी बोलत होते, पण आता वांग्यांचे, उंदरांचे काही नव्हते. एकच वाक्य फिरून फिरून. "आता दोन झाले, बावा. आता दोन झाले."

मग नवीन फादर आले. तरुण, केरळकडचे, एस.टी.ने प्रवास करणारे. काकांच्याच खोलीत मिस्सा व्हायची, म्हणजे त्यांची प्रार्थना; सहा-सात माणसे जमत. एक नर्सबाई, रेल्वेतले एक कुटुंब, आणखी दोघे. चहा मी करून द्यायची. फादर मराठी शिकत होते आणि त्यांचे लिंग-वचन सारखे चुकायचे. "चहा फार चांगली झाला," ते मला म्हणाले आणि मी हसू दाबले. माणूस चांगला होता, हे मला आधीच सांगितले पाहिजे.

बाकीचे गेल्यावर काकांनी त्यांना तो प्रश्न विचारला, जो ते येईल त्या फादरला विचारत. आउटरला उभ्या असलेल्यांसाठी काही करता येते का? प्रार्थना, उपास, काहीही.

मी कपबशा गोळा करत होते. फादर खुर्ची ओढून काकांच्या अगदी समोर बसले. त्यांचा चेहरा उजळला होता, कारण त्यांच्याजवळ चांगली बातमी होती.

"बाबा, असा जागा आहे, असं मानलंच पाहिजे असं नाही. तो विद्वान लोकांचा विचार होता. ख्रिस्तसभा असं सक्तीने शिकवत नाही. देवाचा दया फार मोठी आहे. आपण आशा करू शकतो."

"जागा नाई?" काका म्हणाले.

"नाही, बाबा."

"मंग ती कुठी हाय?"

"देवाच्या हातात."

"मंजे वर?"

फादर खोटे बोलू शकले असते. "आपण आशा करतो," ते म्हणाले.

"आशा मंजे तुमालेबी ठाव नाई."

"नाही, बाबा," फादर म्हणाले. "कोणालाच ठाव नाही."

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "पंचवीस वर्सं तिले मी तठी उभी केली. थंडीत, पान्यात. रोज जाऊन पाह्यलं. आता तुमी म्हनता तठी कोनी नोतंच."

फादरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी तो बाजूला केला नाही. नुसते उठले आणि कपबशी माझ्या हातातून घेऊन स्वतः धुवायला गेले.

त्या संध्याकाळी ते रुळाकडे गेले नाहीत. पुन्हा कधीच गेले नाहीत. चार दिवसांनी मी कॉलेजातून आले तर त्यांच्या दाराला कुलूप होते. नवे, मोठे. काका लिंबाखाली बसलेले.

"काका, कुलूप?"

"घरात कोन हाय?" ते म्हणाले.

मी त्यांना बरे वाटावे म्हणून एक प्रयत्न केला. मी कॉलेजात शिकलेली. मला वाटे की समजावून सांगितले की माणसाचे दुःख कमी होते. मी म्हणाले, "काका, आमच्यात तर मानतात की देव नाही, स्वर्गही नाही. कोणी कुठे उभे नाही. कोणी वाट पाहत नाही." त्यांनी ऐकून घेतले. "तुह्यासाठी बरं हाय ते," ते म्हणाले. "तुह्यं तठी कोनी उभं नाई." मग स्वतःच जीभ चावली. "चुकलो व. तुह्यंबी हाय."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पायांवर सूज आली, मग पोटावर. दवाखान्यात जायला ते तयार नव्हते. वहिनी पेज करून भरवायची. दादाने फादरांना तार केली. फादर एवढ्या लांबून वेळेवर पोचतील असे कोणाला वाटले नव्हते; पण ते दुसऱ्याच दिवशी दुपारी आले. तेलाची छोटी डबी त्यांच्याबरोबर होती. मरणाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना ते तेल लावतात. त्याने माणूस तयार होऊन जातो, असे नर्सबाईंनी मला सांगितले. ज्याची काकांना आयुष्यभर धास्ती होती, की आपणही फादरविना जाऊ, ते झाले नाही. सगळे वेळेवर होते.

काका म्हणाले, "मले नाई जाचं."

"दवाखान्यात नाही नेत, बाबा," फादर म्हणाले.

"दवाखाना नाई. वर. मले वर नाई जाचं."

फादर बाहेर येऊन ओट्यावर बसले. उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता, की कशाने, ते मला माहीत नाही. ते म्हणाले, "ते म्हणतात, मुलगी नक्की तिथे असेल तर सांगा, नाहीतर तेल लावू नका. मी नक्की कसं सांगू?" मग माझ्याकडे बघून, "तुमच्याशी ते बोलत. काही सांगा त्यांना."

मी आत गेले. काकांच्या उशाशी बसले. मुलीविषयी मी काय सांगणार? ज्याविषयी मला सांगता येण्यासारखे होते, ते आमच्याच लेकराविषयी. मनात आले, निदान एक तरी तिकडे आहे असे त्यांना वाटले तर ते जायला तयार होतील. तिथे कोणीतरी ओळखीचे असेल.

"काका," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी पाणी टाकलं होतं. आमच्या लेकराच्या डोक्यावर. तवा त्याच्यात धुगधुगी होती."

त्यांनी डोळे उघडले. माझा हात धरला. त्या हातात इतका जोर असेल असे वाटले नव्हते.

"खरं?"

"खरं."

"काय म्हनून टाकलं?"

मी दुसऱ्या हाताने त्यांची चादर सारखी करायला लागले.

"शब्द, पोरी. शब्द काय म्हनले?"

ती एक ओळ होती. मीच त्यांना सांगू दिली नव्हती. मला जे येत होते तेच तोंडातून आले. मी म्हणाले, "बुद्धं सरणं म्हटलं. मला तेवढंच येत होतं."

काका माझ्याकडे बघत राहिले. तोंडी परीक्षेत मास्तर बघतात तसे; अजून काही येते का, याची वाट बघत. त्यांना सगळे कळले होते. पाणी टाकले नव्हते, हेही कळले होते.

"चांगलं हाय ते," ते म्हणाले. "पन आमच्यात नाई चालत."

त्यांनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केले. दोन्ही मुठी छातीशी घट्ट मिटल्या. मी बाहेर येऊन फादरांना काय सांगितले ते आठवत नाही. ते आत गेले, गुडघ्यांवर बसून बराच वेळ काही म्हणत राहिले आणि कपाळाला तेल लावले. काकांनी अडवले नाही. मग तळहातांना तेल लावायला फादर त्यांची बोटे सोडवायला लागले. आधी एका हाताची, मग दुसऱ्या. एखाद्या लेकराच्या हातातून वस्तू काढून घ्यावी तसे हळूहळू. बोटे सुटली नाहीत. शेवटी त्यांनी मिटलेल्या मुठींवर वरूनच तेल लावले.

दिवस मावळायच्या आधी काका गेले.

त्यांना अंघोळ घालून झाल्यावर हात जोडून त्यांत जपमाळ गुंफायची असते. दादाने आणि रेल्वेतल्या माणसांनी प्रयत्न केला. मुठी तशाच होत्या. फादरांनी माळ वरून ठेवली आणि मला बाजूला बोलावले.

"हातात काही धरलेलं आहे का त्यांनी?" त्यांनी विचारले. "एखादी वस्तू? काढायला पाहिजे का?"

"नाही, फादर," मी म्हणाले. "काही नाही."